जुबैलचे आटे

माझ्या दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं मुकी असतात. बडबड भरपूर, पण वस्तूचं नाव म्हणून सांगायचं नाही. "ते हे द्या हो, पाइपाला लावतात ते." अरे बाबा, या दुकानात पाइपालाच लावायच्या वस्तू आहेत, मी काय गजरे विकतो? मग ते बोटांनी हवेत गोल काढून दाखवतात. एका बाजूला पाइप चिकटतो आणि दुसऱ्या बाजूला नळ फिरवून बसतो, ते. हां, म्हणजे अडॅप्टर. आता सांग, आटे बाहेरून हवेत की आतून? सगळं प्लास्टिक हवं की आत पितळ? अर्धा इंच की पाऊण? यावर माणूस घरी फोन लावतो, आणि पलीकडेही कोणीतरी हवेत गोल काढत असणार, मला दिसत नाही एवढंच.

चव्वेचाळीस वर्षं झाली मला रत्नागिरीच्या बाजारात, याच गल्लीत. माझी बायको कुसुम म्हणते, तुम्ही पाइप विकत नाही, शिव्या वाटता आणि वर पाइप देता. असल्या माझ्या दुकानाच्या पायरीवर न कंटाळता रोज सकाळी येऊन बसणारा एकच माणूस आहे, राजिवड्याचा वजीर. प्लंबर म्हटलेलं त्याला खपत नाही. "फिटर म्हण," म्हणतो. अडुसष्ट वर्षांचा आहे. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, आणि बोटांच्या पेरांत लोखंडाचा जुना काळा रंग, तो आता साबणाने जायचा नाही.

मी ओरडतो आणि तो समजावतो, अशी आमची वाटणी. "हे बघा साहेब, लोखंड प्लास्टिकच्या पोटात घालायचं नाय. प्लास्टिक लोखंडाच्या पोटात घालायचं. तुमचा नळ धातूचा. तो प्लास्टिकच्या आट्यांत फिरवलात तर आज बसेल, आणि चार महिन्यांनी प्लास्टिक उभं चिरेल, तेही भिंतीत, टाइलच्या मागे. म्हणून नळासाठी आतून पितळ असलेलाच घ्या." मग पांढरी टेप कशी गुंडाळायची ते स्वतःच्या करंगळीवर दाखवतो. नळ ज्या बाजूला फिरवून बसवायचा त्याच बाजूला, पाच-सहा वेढे, टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवून. आणि शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य. "हाताने घट्ट होईतो फिरवा. मग पान्याने एक आटा. दुसरा आटा ओढलात की शेटकडे परत येणं आलं." शेट म्हणजे मी, हरिहर.

आम्ही तरुण होतो तेव्हा हे प्लास्टिक नव्हतं. सगळा लोखंडी पाइप. दुकानाच्या पायरीशीच पाइप पकडायचा एक व्हाइस ठोकलेला होता. त्यात पाइप आवळायचा आणि आटे कापायच्या डायचे दोन दांडे धरून वजीर आटे पाडायचा. थोडं तेल सोडायचं, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. लोखंडाचा कुरळा कीस पायरीवर पडायचा, पोरं तो वेचून न्यायची. मग जोडाला ताग गुंडाळायचा, वर सफेदा फासायचा. आमच्याकडचा खारा वारा आठ-दहा वर्षांत लोखंड खाऊन टाकतो, पण पाइप सडला तरी वजीरचा जोड गळायचा नाही. पाणी सोडायच्या वेळी तो स्वतः टाकीपाशी चढायचा आणि वरून लांब सुरात हाक मारायचा, "आलं काय पाणी?" खालून घरातली बाई ओरडायची, "आलं!" मगच तो उतरून चहाला हात लावायचा. निम्म्या रत्नागिरीने ती हाक ऐकली असेल. ते दिवस आठवले की मला आधी त्या तेलाचा वास येतो. व्हाइस कधीच गंजून गेला. त्याची चार भोकं पायरीवर अजून आहेत, आणि वजीर बरोब्बर त्यांच्या शेजारी बसतो.

पंच्याऐंशी साली तो सौदीत, जुबैलला गेला. त्या वेळी राजिवड्यात घरटी एक माणूस आखातात होता. वजीरचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं. तिकडे अमेरिकन साहेबांच्या वसाहतीत नळ जोडायचं काम मिळालं. दोन वर्षांनी एकदा सुट्टी, अशी सतरा वर्षं काढली त्याने. पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून कॅसेट भरून पाठवायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती. त्याची बायको सईदा, आमची भाभी, ती कॅसेट दार लावून ऐकायची. एकदाच तिने आम्हा नवराबायकोला ऐकवली. ईदला शिरखुर्मा खायला गेलो होतो. टेपरेकॉर्डरमधून वजीरचा आवाज आला, मागे कुठला तरी पंखा घरघरत होता. "सईदा, इथे गोऱ्यांच्या बायका उभ्याउभ्या आंघोळ करतात. गरम-गार पाणी एकाच नळातून. मी आलो की तुला तशी न्हाणी बांधीन, घराच्या आत. मी स्लॅबवरून विचारीन, आलं काय गो पाणी? तू आतून सांगायचंस, आलं." भाभीने ओढणी तोंडाला लावली. "गोऱ्यांच्या बायका कशा आंघोळ करतात हे यांना कसं ठाऊक, ते आले की विचारते," म्हणाली. कुसुम हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. कॅसेट उलटी करताना भाभीचे डोळे भरले होते, तेही आम्ही बघितलं.

दोन हजार दोन साली तो कायमचा परत आला. माणसं आखातातून सोनं आणतात, टीव्ही आणतात. आमचा शहाणा दुधाच्या पावडरीच्या डब्यात बारा पितळी अडॅप्टर घेऊन आला! वसाहतीचं काम संपलं तेव्हा साहेबाने उरलेला माल कामगारांत वाटला, त्यातला हा त्याचा वाटा. एका बाजूला पिवळट प्लास्टिक, आत जाड पितळेचे आटे. माल देखणा होता, नाही म्हणणार नाही. त्यातला एक त्याने माझ्या हातावर ठेवला. "शेट, काउंटरवर ठेव. लोकांना दाखव असली माल काय असतो ते. बाकीचे अकरा सईदाच्या न्हाणीला."

तो गेल्यावर मी सहज दुकानातला एक नळ काढून त्यात फिरवून बघितला. पहिले दोन आटे गोडीने गेला. तिसऱ्याला अडला. जोर लावला तर तिरका व्हायला लागला. मला वाटलं नळच खराब. दुसरा घेतला, तिसरा घेतला, तीच तऱ्हा. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरहून माल घेऊन येणारा विक्रेता आला, त्याला दाखवलं. तो हसायला लागला. "काका, हे अमेरिकन आटे. मापाला तोही अर्धा इंच आणि आपलाही अर्धा इंच, पण दातांचा उतार जुळत नाही. दोन आटे फसवतात, मग अडतात. पाणी सोडलंत की गळणार."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? सतरा वर्षं वाळवंटात काढून आलेल्या माणसाला जाऊन सांगू, की बाबा, तुझा खजिना इथे कुचकामी आहे? गिऱ्हाइकाला अर्ध्या वाक्यात गप्प करणारा मी, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आज नको, उद्या सांगू. तो अडॅप्टर मी काउंटरवर वर्तमानपत्र उडू नये म्हणून वजन म्हणून ठेवला. वजीर रोज यायचा, त्याच्याकडे बघायचा, खूश व्हायचा. उद्या उद्या करता तेवीस वर्षं गेली.

गावात प्लास्टिकचे पाइप आले ते साधारण तेव्हाच. जुन्या फिटरांचे हात लोखंडाला सवकलेले. ते प्लास्टिकलाही तसाच जोर लावायचे आणि फाट्‍कन चीर पडायची. काही जण तर सवयीने प्लास्टिकलाही ताग-सफेदा फासायचे. माझ्याच घरी एका वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी, मुंबईची चौदा माणसं उतरलेली असताना, स्वयंपाकघरातला अडॅप्टर असाच फाटला. त्या वर्षी रमजान आणि गणपती एकत्र आले होते. वजीर रोज्याच्या तोंडाने, पाण्याचा घोट न घेता, दुपारभर आमच्या ओट्याखाली वाकून बसला. मग माळ्यावर चढून विचारलं, "आलं काय पाणी?" चौदा जण एकदम ओरडले, "आलं!" तेव्हा म्हणे तो वर बसून एकटाच हसत होता. असा गावभर फिरून त्याने लोकांची न्हाणीघरं केली.

आणि स्वतःच्या घरी? मागीलदारी एक नळ, आणि जांभ्याच्या पाच पायऱ्या उतरून खाली न्हाणी. का? तर डब्यातल्या मालाला शोभेल अशी न्हाणी व्हायला हवी! "असला माल साध्यासुध्या भिंतीत घालायचा काय, शेट? जरा थांब." आधी मुलीचं, महरीनचं शिक्षण झालं. मग तिचं लग्न होऊन ती चिपळूणला गेली. मग घराच्या छपराचं काम निघालं. न्हाणी दर वर्षी पुढच्या वर्षावर. भाभी एका शब्दाने बोलली नाही. कळशी घेऊन त्या पायऱ्या उतरत-चढत राहिली.

या श्रावणात ती त्याच पायऱ्यांवर घसरली. शेवाळावरून पाय गेला आणि खुबा मोडला. महरीनने तिला चिपळूणला नेलं, ऑपरेशन तिथे झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पायरी बंद, उकिडवं बसणं बंद, कळशी तर बंदच. खुर्चीवर बसून आंघोळ, हाताशी नळ. म्हणजे घराच्या आत न्हाणी झाल्याशिवाय भाभीला राजिवड्यात परत येता येणार नव्हतं. महरीन बापाला म्हणाली, "अब्बा, आता अम्मीला इथेच राहू दे, कायमची." चांगल्या मनाने म्हणाली पोरगी, पण वजीरच्या काळजात घुसलं ते. सतरा वर्षं तो तिकडे आणि भाभी इकडे होती. आता म्हातारपणी पुन्हा तेच? तो म्हणाला, "नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी घेऊन ये. न्हाणी तयार असेल. नळाला पाणी नसलं तर त्याच गाडीने परत ने, मी एक शब्द बोलणार नाय."

कमोड, गिझर, पाइप, नळ, सगळं मी माझ्या हाताने काढून दिलं. अडॅप्टरच्या खोक्याला हात घातला तर त्याने मनगट धरलं. "ते नको. ते घरी आहेत."

मी म्हटलं, "असू दे रे. माझेपण पितळीच आहेत, जवळ असलेले बरे."

तो मोठ्याने हसला. "तेवीस वर्षं थांबून तुझा हा माल घालू काय, शेट?"

तेव्हा सांगायला हवं होतं. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच. म्हटलं, "चहा मागवू काय?"

त्यानंतर मी राजिवड्याकडे फिरकलो नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. शुक्रवार जवळ येत चालला. शेवटी बुधवारी दुपारी काउंटरवरचा तो अडॅप्टर खिशात टाकला आणि रिक्षा केली.

न्हाणी अशी झाली होती की बघत राहावं. पांढऱ्याशुभ्र टाइली, धरायला भिंतीला दांडे, भाभीसाठी खुर्ची. आणि वजीर ओल्या फरशीवर मांडी घालून बसलेला. सहा नळ, आणि सहाच्या सहा मुळाशी गळत होते. धार नव्हती, नुसता थेंब. एक पडला की दुसरा तयार. आजूबाजूला टेपची रिकामी रिळं पडली होती, आणि चक्क तागाची लडी. जन्मभर दुसऱ्यांना एकच आटा सांगणारा माणूस दात आवळून चौथा आटा ओढत होता.

"शेट, टाइली बसवायच्या आधी दोन दिवस पाइपांत पाणी भरून ठेवलं होतं रे," तो म्हणाला. "एक थेंब नव्हता."

नसणारच. तेव्हा नळांच्या जागी प्लास्टिकच्या डमी, म्हणजे तात्पुरती बुचं, लावल्या होत्या. डमी मऊ, कुठल्याही आट्यांत चेपून बसते. धातूचा नळ तसा चेपत नाही. मी खिशातला अडॅप्टर काढून त्याच्यासमोर ठेवला. "वजीर, पाना ठेव. हे बसणार नाहीत. आटे अमेरिकन आहेत, आपल्या नळांना जुळत नाहीत."

त्याने अडॅप्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुला कधीपासून ठाऊक?"

खोटं बोलता आलं असतं. "तू दिलास त्याच आठवड्यापासून," मी म्हटलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मला ओरडणं समजतं. तो हळू बोलला. "तेवीस वर्षं रोज तुझ्या पायरीवर बसलो. रोज तो बघितला. आणि तू मला लहान पोरासारखं खेळवलंस होय?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतं की! एक दिवस वाईट वाटलं असतं, हरी." चाळीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा नुसतं नावाने हाक मारली. शेट नाही म्हटलं. "जा तू आता."

घरी येऊन कुसुमला सगळं सांगितलं. मला वाटलं ही तरी म्हणेल, जाऊ दे, तुमचा हेतू वाईट नव्हता. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "हेतूचं काय लोणचं घालायचंय? तेव्हाच सांगितलं असतंत तर साधे अडॅप्टर घालून त्याने कधीच न्हाणी बांधली असती. त्या डब्यापायी थांबला तो. आणि त्याच्या थांबण्यात भाभी पडली. कळतंय का तुम्हाला?" कळत होतं. रिक्षात बसल्यापासून तेवढंच कळत होतं. सत्तर वर्षांच्या आयुष्यात माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

गुरुवारी सकाळी दुकान उघडायला गेलो तर पायरीवर वजीर. नेहमीच्या जागी, त्या चार भोकांशेजारी. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सहा पितळी अडॅप्टर. आतून आट्यांचे, अर्धा इंची. कपलिंग सहा. दोन टेप, एक सोल्युशन."

मी मुकाट्याने काढून दिलं. एक शिवी नाही, काही नाही.

"आणि तू," तो म्हणाला.

"मी कशाला?"

"टाइली फोडायला दोन माणसं लागतात. उद्या शुक्रवार आहे."

मी शटर पुन्हा खाली ओढलं. चव्वेचाळीस वर्षं जो माल विकला, तो त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लावला. नळांभोवतीच्या सहा टाइली फोडल्या. जुने तुकडे कापून काढले, कपलिंग लावून पाइप वाढवला. चिकटवायचं सोल्युशन पाइपाला बाहेरून आणि अडॅप्टरला आतून, पातळ. आत सारायचं, पाव फेरा फिरवायचं, आणि सरकू नये म्हणून तीसपर्यंत आकडे मोजत दाबून धरायचं. माझ्या हातून सोल्युशनचं एक बोट आट्यांना लागलं तेव्हा त्याने तो अडॅप्टर फेकूनच द्यायला लावला आणि मला दुकानात दुसरा आणायला पिटाळलं. आम्ही बोलत नव्हतो. दुपारी एकदाच तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "डमी लावतानाच बोटांना कळलं होतं, हरी. तिसऱ्या आट्याला अडली. मी म्हटलं, प्लास्टिकच आहे, चालायचंच. मनाला सांगवेना. तर तुला एकट्याला काय बोलू मी?"

मी टेपचं टोक सोडवत बसलो.

तसल्या पांढऱ्या टाइली टाइलवाल्याकडे संपल्या होत्या. माझ्या माळ्यावर जुन्या हिरव्या पडल्या होत्या, त्या आणून बसवल्या. पांढऱ्या न्हाणीत सहा हिरवे चौकोन. बसवून होईतो वजीर पार दमला. नळ फिरवायचे तेव्हा त्याने पाना माझ्या हातात दिला. "हाताने घट्ट कर आधी. हां. आता पाना. एक आटा. थांब! थांब म्हटलं ना मेल्या, कुणाचा गळा आवळतोस काय?" शिवी कानावर पडली आणि माझ्या जिवात जीव आला. जोड वाळायला वेळ द्यायचा होता, पाणी उद्याच सोडायचं. म्हणजे बसलं की नाही, ते भाभी आल्यावरच कळणार.

शुक्रवारी नमाजानंतर अडीचच्या सुमाराला चिपळूणची गाडी आली. कुसुम घावणे घेऊन आधीच हजर होती. भाभी वॉकर धरून एकेक पाऊल टाकत आत आली. निम्मी झाली होती बाई. महरीनने आईची बॅग ओटीवर ठेवली आणि तिथेच उभी राहिली. "आधी पाणी बघू, अब्बा. मग बॅग आत नेते."

भाभीने न्हाणी डोळे भरून बघितली. मग हिरव्या टाइलींवर बोट ठेवलं. "हे काय मधेच?"

"ते जुबैलचे बसले नाहीत, गो," वजीर म्हणाला. "फोडून काढावे लागले. हे हरीच्या दुकानातले आहेत."

तिचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे काय? दर रमजानच्या आधी मी ते आमसुलाच्या पाण्याने घासायची. काळे पडू नयेत म्हणून. घासून घासून झिजवले काय मी?"

मला हे ठाऊक नव्हतं. तेवीस वर्षं ती बाई ते बिनकामाचं पितळ घासत होती. आणि मी नुसतं "होय भाभी, पितळ झिजतं" म्हटलं असतं तर आम्ही दोघेही सुटलो असतो. वजीरने मला ती संधीच दिली नाही. "नाय गो, तुझं काय चुकलं नाय. आटेच तिकडचे. मला डमी लावताना कळलं होतं, मी मुद्दाम डोळेझाक केली."

"आणि मला तेवीस वर्षांपूर्वी कळलं होतं, भाभी," मी म्हटलं. "मी बोललो नाही. बोललो असतो तर ही न्हाणी तेव्हाच झाली असती, आणि तुम्ही त्या पायऱ्यांवर..."

"बोलायला हवं होतंत, हरीभाऊ," भाभी म्हणाली. मी मान हलवली. "आता बोललात ना. तिकडे दारात उभे राहा, गळतंय का बघा."

कुसुमने तिला खुर्चीवर बसवलं. वजीर मागच्या शिडीने स्लॅबवर टाकीपाशी चढला. मी दारात, डोळे त्या सहा जोडांवर. भाभीने नळ उघडला. आधी नुसती हवा फुसफुसली. मग वरून, तोच लांब सूर, किती वर्षांनी मी नीट ऐकला, "आलं काय गो पाणी?"

नळ दोनदा खोकला आणि धार पडली. मी पुढे होऊन एकेका हिरव्या टाइलीवरून बोट फिरवलं. कोरडी. दुसरी, तिसरी, सहाच्या सहा कोरड्या.

"आलं!" भाभी म्हणाली. आवाज बारीकच निघाला.

वरून पुन्हा, "आलं काय?"

"आलं हो!"

"काय गो, आलं काय पाणी?"

महरीन कुजबुजली, "अब्बांना ऐकू येत नाही की काय?"

शेजारच्या घरात नळ ठिबकला तर ओळखणारे कान आहेत वजीरचे. "तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलंय त्याने," मी म्हटलं.

भाभीने ओल्या हाताने डोळे पुसले, दांडा घट्ट धरला आणि होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडली, "आलं, आलं, आलं! चाळीस वर्षं लावलीत, आता उतरा खाली!"

महरीनने ओटीवरची बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली.